तारखेला हात घालण्याआधी

भाचीबाई, बेंबळीची पोरगी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागली आणि पहिल्याच कामात तुझ्या वाट्याला तारखा आणि वेळा आल्या, हे ऐकून मला बरं वाटलं. हे काम किरकोळ समजून नव्या माणसाच्या गळ्यात घालतात. ते किरकोळ नाही. पगार, पीकविमा, पेन्शन, कर्जाचा हप्ता, शाळेचा दाखला, माणसाच्या हक्काची जवळजवळ प्रत्येक गोष्ट शेवटी कुठल्या तरी तारखेवर येऊन ठेपते. ती तारीख एका दिवसाने घसरली तर ज्याचं नुकसान होतं त्याला तुझा प्रोग्रॅम उघडून पाहता येत नाही. तो बिचारा हेलपाटे घालत राहतो. या धंद्यात इतकी वर्षं काढून माझ्या हाताशी जे राहिलं, ते म्हणून तुला सांगून ठेवतो.

आपल्याच मुलखातलं उदाहरण घे. किल्लारीचा भूकंप कधी झाला? धाराशिव-लातूरकडचं कुणीही झोपेतून उठून सांगेल: ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं झोपली होती. लोहारा-उमरगा-औसा पट्ट्यात गावंच्या गावं बसली. आता हीच घटना जागतिक भूकंपांच्या यादीत शोध. तिथे तारीख आहे २९ सप्टेंबर आणि वेळ २२ वाजून २५ मिनिटं, वर काही सेकंद. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. क्षण एकच होता. जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत, तेव्हा २९ तारीख संपायची होती आणि साडेपाच तास पुढे असलेल्या आपल्या घड्याळात ३० तारखेची पहाट होती. भूकंपशास्त्रज्ञाला तो क्षण हवा असतो, कारण त्याला जपानच्या आणि जर्मनीच्या यंत्रांवरच्या नोंदी त्याच्याशी जुळवायच्या असतात. त्या पट्ट्यातल्या सास्तूरच्या माणसाला मात्र ३० तारीखच हवी, कारण त्याच्या घरातली माणसं त्या तारखेला गेली. एखाद्या प्रोग्रॅमने क्षण जपला आणि स्मृतिदिन २९ ला दाखवला, तर गणिताला बोट लावता येणार नाही, पण माणसाशी तो खोटं बोलला.

पहिला कानमंत्र यातूनच येतो, आणि बाकीचे सगळे त्याच्या पोटात आहेत. कीबोर्डला हात लावण्याआधी विचार: समोर आहे ते काय आहे? क्षण आहे, तारीख आहे, भिंतीवरच्या घड्याळातली वेळ आहे, की मुदत आहे? बँकेत पैसे जमा झाले, हा क्षण. जन्मतारीख ही नुसती तारीख, तिला ना तास ना देश. शाळा साडेदहाला भरते, ही घड्याळातली वेळ. चौदा दिवसांत पैसे द्यायचे, ही मुदत. या चारांची सरमिसळ झाली की पुढे कितीही चलाखी केली तरी हिशेब जुळत नाही.

चांगली लायब्ररी हीच विभागणी तुझ्या हातात देते. जावात हे फार नीट झालं आहे. स्टीफन कोलबोर्न नावाच्या इंग्रज प्रोग्रॅमरने जोडा-टाइम ही मुक्त स्रोत लायब्ररी लिहिली, कारण जावाची स्वतःची तारखांची सोय वापरण्याजोगी नव्हती. ती इतकी पसरली की अखेर जावाच्या घडवणाऱ्यांनी त्याच धर्तीवर नवी रचना करायला घेतली, कोलबोर्नही त्यात पुढे होता, आणि मार्च २०१४ मध्ये जावा ८ बरोबर जावा.टाइम आलं. त्यात क्षणाला इन्स्टंट, तारखेला लोकलडेट, नुसत्या वेळेला लोकलटाइम, स्थळासकट वेळेला झोन्डडेटटाइम, तासा-सेकंदांच्या मुदतीला ड्युरेशन आणि दिवस-महिन्यांच्या मुदतीला पिरियड असे वेगवेगळे प्रकार आहेत. त्यानंतर जोडा-टाइमच्या लोकांनी आपल्याच वापरकर्त्यांना सांगितलं की आता इकडे थांबू नका, तिकडे जा. स्वतःच्या हाताने वाढवलेलं काम असं मोकळ्या मनाने सोडून देणं मला फार मोठं वाटतं. पुढे मोमेंट.जेएस या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीनेही तसंच केलं. २०११ पासून ती अर्ध्या जगाने वापरली, आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिच्या सांभाळणाऱ्यांनीच जाहीर केलं की नव्या कामाला ती घेऊ नका. तेव्हा जुन्या प्रकल्पात मोमेंट दिसली तर तिला दूषणं देऊ नकोस, आणि नव्या कामात तिला आणूही नकोस. लक्सॉन, डेट-एफएनएस, डे.जेएस यांतलं एक घे. टेम्पोरल नावाची नवी सोय आता ब्राउझरांतच येऊ लागली आहे, तिच्याकडेही डोळा ठेव. मोमेंटमध्ये काम करावंच लागलं तर एवढं ध्यानात ठेव की तिथे एका तारखेत दिवस मिळवला की मूळ तारीखच बदलते. सुरुवातीची तारीख जपायची असेल तर आधी तिची प्रत काढ.

आता सगळ्यात जास्त भेटणारा घोटाळा. डेटाबेस उघडलास आणि तारखांच्या रकान्यात ओळीने १८:३० दिसायला लागले, तर तिथेच थांब. समज, फॉर्ममध्ये कुणी १५ ऑगस्ट निवडली. जावास्क्रिप्टने तिचा अर्थ लावला: १५ ऑगस्ट, भारतातली मध्यरात्र. मग सर्व्हरकडे पाठवताना टूआयएसओस्ट्रिंगने ती यूटीसीत नेली. आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीतली आदल्या दिवशीची संध्याकाळ, १४ ऑगस्ट, १८:३०. पलीकडे कुणीतरी वेळ छाटून नुसती तारीख ठेवली, आणि स्वातंत्र्यदिन चौदाला गेला. याची उलटी चालही आहे. वर्ष-महिना-दिवस अशी नुसती तारीख दिली तर जावास्क्रिप्ट ती यूटीसीची मध्यरात्र धरते, आणि तीच पुढे तास-मिनिटं जोडून दिली तर स्थानिक वेळ धरते. एका ओळीतल्या दोन तारखा दोन वेगळ्या नियमांनी वाचल्या जातात. त्यात महिने शून्यापासून मोजायची तिची खोड वेगळीच, ऑगस्टला ती सात म्हणते.

हे सापडल्यावर बहुतेक जण एकच मलमपट्टी करतात: साडेपाच तास मिळवून टाक. ते करू नकोस, आणि का ते नीट ऐक. दुसऱ्या महायुद्धात भारताची घड्याळं एक तास पुढे केली होती. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात आपण यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतो, आणि लायब्ररीला हे माहीत असतं. आता पेन्शनच्या यादीतल्या एखाद्या म्हाताऱ्याची जन्मतारीख १ जून १९४४ आहे. तिची मध्यरात्र यूटीसीत गेली की १८:३० होत नाही, ३१ मे, १७:३० होते. त्यात साडेपाच तास मिळवले तर ३१ मेच्या रात्रीचे अकरा वाजतात. म्हणजे तुझ्या मलमपट्टीने सगळ्यांच्या तारखा जाग्यावर आल्या, फक्त ऐंशीच्या घरातल्या माणसांच्या तेवढ्या एक दिवस मागे राहिल्या, आणि हयातीच्या दाखल्याला नेमकी तीच माणसं येतात. १ सप्टेंबर १९४२ ला तर मध्यरात्रच नव्हती, घड्याळ थेट एकवर गेलं होतं. उपाय साधा आहे. जन्मतारीख क्षण म्हणून साठवूच नकोस. लोकलडेट म्हणून घे, डेटाबेसात तारखेच्या रकान्यात ठेव, आणि पाठवताना वर्ष-महिना-दिवस एवढाच मजकूर पाठव. जिला तास नाही तिला तास चिकटवायचा नाही.

१ जून मी सहज नाही घेतला. आपल्याकडच्या कुठल्याही गावच्या जुन्या माणसांची यादी काढ, निम्म्यांचा वाढदिवस १ जूनला निघतो की काय असं वाटेल. आई म्हणायची, पोरगा सुगीत झाला, मोठा पाऊस पडला त्या साली झाला. गुरुजींना रकाना भरायचा असायचा, जूनमध्ये शाळा भरायची, म्हणून १ जून. तुझ्या प्रोग्रॅमला ही तारीख इतर तारखांसारखीच खरी वाटते. तू मात्र ओळखायला हवंस की तिच्यातलं फक्त साल, तेही अंदाजे, कामाचं आहे. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का हे ठरवताना नाव आणि जन्मतारीख जुळवण्याची पद्धत असते. आपल्या जिल्ह्यात तेवढ्यावर भागणार नाही, एका आडनावाचे, एका नावाचे, १ जूनचे दोघे सहज निघतात. आधार कार्डांवरही सुरुवातीला कित्येकांचं नुसतं जन्मवर्ष छापलेलं असायचं. ते प्रणालीत भरताना १ जानेवारी जोडून पूर्ण तारीख करायचा मोह होतो. करू नकोस. जावा.टाइममध्ये इयर आणि इयरमंथ असे प्रकार याचसाठी आहेत. जेवढं माहीत आहे तेवढंच साठव, आणि तारीख अंदाजे आहे हे सांगणारा वेगळा रकाना ठेव.

त्याहून मागे गेलीस तर निजामाचा काळ लागतो. आपला जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथल्या दफ्तरात फसली सन चालायचा. महिने आजूर, दै, बहमन असे सुरू होऊन आबानला संपत, आणि आजूर लागायचा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. म्हणून फसली साल इसवी सनात आणायला एकच आकडा चालत नाही. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. आजूर लागल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदीला ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या नोंदीला ५९१. महिना वाचताच आला नाही तर दोन्ही सालं लिहून ठेवायची, एक निवडायचं नाही. हे केवळ इतिहासाच्या हौशीचं काम नाही. हैदराबादचा जमीन महसूल कायदा आजही १३१७ फसलीचा म्हणून ओळखला जातो, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली निजामकालीन दफ्तरं मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. उर्दू आणि मोडीतले ते कागद संगणकावर चढतात तेव्हा तारखेचा रकाना कुणीतरी तुझ्यासारखीच व्यक्ती आखते. तिथे माझं सांगणं एकच: कागदावर जे लिहिलंय ते अक्षर न अक्षर एका रकान्यात ठेव, रूपांतर दुसऱ्यात, आणि रूपांतर कुठल्या नियमाने केलं ते तिसऱ्यात. उद्या नियम चुकीचा निघाला तर मूळ हाताशी राहील.

लायब्ररीला जुन्या वेळांचं ज्ञान येतं कुठून? त्यामागे टाइमझोन डेटाबेस आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन या माणसाने १९८० च्या दशकात तो सुरू केला, पुढे पॉल एगर्ट सांभाळू लागला, आणि जगातला जवळजवळ प्रत्येक फोन आणि सर्व्हर आज त्यावर चालतो. सगळं काम खुलं, चर्चा सगळ्यांना खुली. २०११ मध्ये ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीने जुन्या वेळांच्या माहितीवर हक्क सांगून या दोघांवर खटला भरला, काही दिवस डेटाबेस बंदही पडला. मग आयसीएएनएन या संस्थेने त्याची जबाबदारी घेतली, आणि २०१२ च्या फेब्रुवारीत खटला मागे घेतला गेला. तुझ्या भाकरीचा पाया किती थोड्या माणसांच्या निष्ठेवर उभा आहे हे तुला माहीत असावं, म्हणून हे सांगितलं.

या डेटाबेसात आपल्यासाठी एकच नोंद आहे: एशिया/कोलकाता. तिच्यात कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ आहे, मग मद्रासची ५ तास २१ मिनिटांची, आणि १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ. पण मुंबईने आपली स्वतःची वेळ, ३९ मिनिटं मागे असलेली, १९५५ पर्यंत सोडली नव्हती, आणि ती या नोंदीत नाही. डेटाबेस भरवशाचं बोलतो ते १९७० पासूनचं. त्याआधीचा क्षण विचारलास तर उत्तर मिळेल, पण ते तुझ्या गावचं असेलच असं नाही. पायथनमध्ये यातून एक पक्का खड्डा तयार झाला आहे. पायटीझेड ही जुनी लायब्ररी घेऊन एशिया/कोलकाता थेट तारखेला जोडलास तर ती यादीतली पहिली नोंद उचलते, म्हणजे कोलकात्याची ५ तास ५३ मिनिटं. दहाची बैठक पुढे ९.३७ ला दिसायला लागते. कुठेही २३ मिनिटांचा फरक दिसला की दुसरीकडे शोधत बसू नकोस, हेच कारण. पायटीझेडमध्ये लोकलाइझ ही पद्धत वापरायची असते, आणि नव्या कामात सरळ झोनइन्फो घ्यायचं. २०२० च्या पायथन ३.९ पासून ते भाषेतच आहे.

नावांचंही तसंच. पूर्वी ही नोंद एशिया/कलकत्ता होती, २००८ मध्ये कोलकाता झाली. जुनं नाव मात्र पुसलं नाही, त्यावरून नव्याकडे वाट ठेवली. काही ब्राउझर अजूनही कलकत्ताच सांगतात. तू दोन नावांची अक्षरं जुळवून निर्णय घेतलास तर एकाच भारतातले दोन वापरकर्ते वेगळ्या देशातले ठरतील. आपल्या जिल्ह्याचं उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं. गाड्यांचा एमएच २५ मात्र तोच आहे. प्रणालीत ओळख अशा न बदलणाऱ्या खुणेवर बांध, नाव फक्त दाखवायला ठेव. आणि आयएसटी असं तोकडं नाव कुठेच लिहू नकोस. भारत, इस्रायल आणि आयर्लंड, तिघेही ते वापरतात.

अमेरिकेच्या लोकांशी रोजची बैठक असेल तर ती यूटीसीत साठवू नकोस. न्यूयॉर्कचे सकाळचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात. बैठक न्यूयॉर्कच्या साडेनऊला बांधलेली आहे, तर तेच साठव: स्थानिक वेळ आणि अमेरिका/न्यूयॉर्क हे नाव. उलट घडून गेलेली गोष्ट यूटीसीतच ठेव. झालेल्याला क्षण आणि ठरवलेल्याला स्थळ-वेळ, एवढं धरून चाल.

मुदतींच्या बाबतीत तर कायद्याची भाषा शब्दशः वाच. पीकविम्यात गारपीट किंवा पाणी साचून नुकसान झालं तर ७२ तासांत कळवायचा नियम होता. ते तास आहेत, ड्युरेशन. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शेतात पाणी शिरलं तर गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत. कारखान्याला ऊस घातला की एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, १४ दिवसांत मिळायला हवी, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तसं आहे. ते दिवस आहेत, तारखेत तारखा मिळवायच्या. एकाला दुसऱ्याची पद्धत लावलीस तर शेतकऱ्याचा अर्ज अर्ध्या दिवसाने बाद होईल. आणि "३१ जुलैपर्यंत" असं लिहिलं असेल तर प्रोग्रॅममध्ये "१ ऑगस्टची भारतीय मध्यरात्र होण्याआधी" असं लिही. ३१ जुलै ही नुसती तारीख यूटीसीत वाचली गेली तर ती ३१ च्या पहाटे साडेपाचलाच संपते, आणि शेवटच्या दिवशी केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मुदत संपली असं उत्तर मिळतं. हे तुझ्या हातून कधीही होऊ देऊ नकोस.

कर्जाच्या हप्त्यांत महिनाअखेर सांभाळ. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की चांगली लायब्ररी फेब्रुवारीची शेवटची तारीख देते. तिच्यात पुन्हा एक महिना मिळवलास तर २८ किंवा २९ मार्च येईल, ३१ येणार नाही. म्हणून प्रत्येक हप्ता पहिल्या तारखेपासून मोज, आधीच्या हप्त्यापासून नाही. जावास्क्रिप्टची जुनी डेट तर ३१ जानेवारीला महिना बदलला की फेब्रुवारी ओलांडून मार्चमध्येच जाते. वीस वर्षांचं घरकर्ज आणखी एका कारणाने तपास. जुन्या ३२ बिटांच्या यंत्रणांत सेकंदांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी ८.४४ ला, भरून वाहतो. आज दिलेलं कर्ज त्याच्या पलीकडे जातं.

वर्ष कुठलं, हेही विचारत जा. एकाच गावात आर्थिक वर्ष १ एप्रिलला बदलतं, महसूल वर्ष १ ऑगस्टला, शाळेचं जूनमध्ये आणि घराचं गुढीपाडव्याला. सातबाऱ्यावरचं २०२३-२४ आणि सोसायटीच्या खतावणीतलं २०२३-२४ हे एकच बारा महिने नव्हेत. कुठलीही लायब्ररी हे तुला सांगणार नाही, ते फंक्शन तूच लिहायचं आणि त्याला महसूल वर्ष असं स्पष्ट नाव द्यायचं. पंचांगाची गोष्ट त्याहून नाजूक. काही लायब्रऱ्यांत "इंडियन" नावाचं कॅलेंडर दिसतं. ते मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेलं आणि २२ मार्च १९५७ पासून लागू झालेलं राष्ट्रीय सौर कॅलेंडर आहे. त्यातला १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१. गुढीपाडवा नव्हे. येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री पौर्णिमा किंवा तुळजापूरचं नवरात्र त्यातून काढायला गेलीस तर यात्रेची बस रिकाम्या डोंगराला पोचेल. तिथी क्षय पावते, वाढते, अधिक मास येतो. तिथीला तिथी म्हणून साठव आणि तारीख दरवर्षी पंचांगातून घे.

बारीकसारीक खोडी भरभर सांगतो. जावात साच्यात वर्षाला स्मॉल वाय लिही. कॅपिटल वाय आठवड्याचं वर्ष देतो, त्याने ३० डिसेंबर २०२४ ला २०२५ दाखवलं असतं, आणि ही चूक वर्षभर लपून बसते. महिन्याला कॅपिटल एम, मिनिटाला स्मॉल. तासाला स्मॉल एच लावलास आणि सकाळ-संध्याकाळ लिहिली नाहीस तर दुपारचे दोन पहाटेचे होतील. मराठी लोकेल निवडलंस की ब्राउझर तारीख देवनागरी अंकांत देतो, दिसायला छान, पण तोच मजकूर परत वाचायला दिलास तर जावास्क्रिप्टला "१२" हा आकडा वाटतच नाही. पायथनला वाटतो. तेव्हा दाखवायचं रूप वेगळं, साठवायचं वेगळं.

एक्सेलची फाईल आली तर एक नजर रकान्याच्या कडांवर टाक. काही तारखा उजवीकडे टेकलेल्या आणि काही डावीकडे असतील तर फाईल बिघडली आहे. अमेरिकी पद्धतीच्या संगणकाने ३ एप्रिलचा ४ मार्च करून तो तारीख म्हणून उजवीकडे ठेवला, आणि २५ एप्रिल त्याला कळलाच नाही म्हणून मजकूर म्हणून डावीकडे राहिला. उजवीकडच्या नोंदी दिसायला बरोबर असतात, आणि खऱ्या बिघडलेल्या त्याच असतात. ४५२९२ असा आकडा दिसला तर घाबरू नकोस, तो १ जानेवारी २०२४.

चाचण्या लिहिताना प्रोग्रॅमच्या पोटातून आत्ताची वेळ विचारू नकोस. घड्याळ बाहेरून दे, जावा.टाइममध्ये त्यासाठी क्लॉक आहे, मग तुला हवा तो दिवस उभा करता येतो. २९ फेब्रुवारी, ३१ मार्चची रात्र, यूटीसीतले १८:२९ आणि १८:३०, १ जून १९४४, एवढे दिवस तुझ्या प्रत्येक चाचणीत असू देत. सर्व्हर यूटीसीवर आणि तुझा लॅपटॉप भारतीय वेळेवर असेल तर चाचण्या दोन्हीकडे चालव. लॅपटॉपवर चालतंय म्हणणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आणि टाइमझोन डेटाबेस अद्ययावत ठेव. वर्षातून काही वेळा नवी आवृत्ती येते, कारण सरकारं ऐनवेळी निर्णय फिरवतात. २०२३ च्या मार्चमध्ये लेबनॉनमध्ये घड्याळं कधी बदलायची यावरून काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या. सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच वगळला होता. या डेटाबेसातलं आपलं घड्याळ १९४५ पासून हललेलं नाही म्हणून आपण बेफिकीर राहतो, पण तुझे वापरकर्ते तिकडेही आहेत.

आता शेवटचं मागणं, फक्त तुलाच नाही, आपल्याकडून या धंद्यात गेलेल्या सगळ्या पोरापोरींना. या लायब्रऱ्या तुम्ही फुकट वापरता. त्यांत मराठी महिन्यांची रूपं, वारांची लघुरूपं, अंकांची मांडणी येते ती युनिकोडच्या सीएलडीआर या खुल्या संग्रहातून, आणि तिथे मराठी येणाऱ्या माणसाला सुधारणा सुचवता येते. फसली सनाचं रूपांतर करणारी, चाचण्यांसकट लिहिलेली छोटी खुली लायब्ररी मराठवाड्याच्या कुणीतरी लिहायला हवी, आणि ज्यांच्या घरात तसले कागद आहेत तेच ती नीट लिहितील. तुझ्या घरी आजोबांच्या पेटीत ते आहेत. दिवाळीला बेंबळीला आलीस की उर्दू वाचणाऱ्या एखाद्या जुन्या माणसाकडून तारखा वाचून घे आणि सुरुवात कर.